कोटा की लातूर, हा प्रश्नच बाजूला ठेवा

(सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र: मुलगी गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेऊन बारावी झाली. नीटचे दोन प्रयत्न झाले, मेडिकल हुकलं. 'दिवसभर विरजणाचा पीएच मोजत बसते, हे खूळ कसं काढू? तिसऱ्या प्रयत्नाला कोटा बरा की लातूर?')

नमस्कार,

तुमच्या दोन पानांत 'आम्ही ठरवलं' पाच वेळा आलंय. मुलीला काय हवंय, ते एकदाही नाही. पाहुणे आले की ती खोलीबाहेर येत नाही, जेवणही आतच घेते, असं तुम्ही ओघात लिहिता आणि पुढच्याच ओळीत क्लासच्या फीकडे वळता. मला मार्कांची नाही, त्या ओळीची काळजी वाटते. तिची झोप, भूक उडाली असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. प्रवेशाचं नंतर बघू. तिसरा प्रयत्न तिला स्वतःला हवा असता तर त्यावर बोललो असतो. तुमच्यासाठी तिनं तो देऊ नये.

आता ते खूळ. ती तुम्हाला विचारते, 'दुधात साखर शिल्लक असताना दही आंबायचं का थांबतं?' बाबा, हा प्रश्न पोरकट नाही. जंतू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि तेच आम्ल साठलं की त्यांचं काम मंदावतं. कारखान्यात म्हणून टाकीत चुना किंवा चुनखडीची भुकटी घालून आम्ल मारत राहतात. तुमच्या मुलीनं वाटीत जे पाहिलं, त्याच अडचणीभोवती हा उद्योग उभा आहे.

'दह्याच्या जंतूंवर कोण पगार देणार,' असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही उसाच्या भागातले आहात, म्हणून तुमच्याच हिशोबात सांगतो. 180 किलो ग्लुकोजपासून अल्कोहोल केलं, तर कागदावर निम्म्याच्या आसपास वजन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं. लॅक्टिक आम्ल केलं, तर कागदावर 180 किलोच मिळतं. त्यापासून पीएलए नावाचं, औद्योगिक कंपोस्टमध्ये कुजणारं प्लास्टिक होतं. शरीरात विरघळणाऱ्या काही टाक्यांतही हे आम्ल वापरतात. पण टाकीतून शुद्ध आम्ल काढणं महागात पडतं. चुन्याच्या पद्धतीत चुन्याशी बांधलं गेलेलं आम्ल सोडवायला गंधकाम्ल वापरावं लागतं आणि टनभर आम्लामागे साधारण टनभर जिप्सम (चुना आणि गंधकाम्लाचा गाळ) उरतं. ते टाळायचं कसं, यावर माणसं आयुष्य घालवतात. ते काम नुसत्या जीवशास्त्रानं होत नाही, त्याला रसायन आणि गणित लागतं. तिनं गणित सोडलं नाही, हे फार चांगलं झालं.

वाटा सरळ आहेत: एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून बायोटेक किंवा केमिकल इंजिनिअरिंग (मुंबईची आयसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञानाची संस्था, मिळाली तर उत्तम), नाहीतर बीएस्सी मायक्रोबायोलॉजी आणि पुढे एमएस्सी. पहिला पगार बेताचा असतो आणि रात्रपाळीही असते, हे तिला आधीच सांगा.

या रविवारी तिच्याजवळ बसा. विरजणाच्या दोन वाट्या लावा, एकीत चिमूटभर खायचा चुना घाला (ती वाटी मात्र खाऊ नका) आणि दर दोन तासांनी दोन्हींचा पीएच तिला मोजू द्या. तुम्ही फक्त आकडे लिहून घ्या. काय आलं ते मला कळवा, पण पुढचं पत्र तिच्या हातचं असू द्या.