घरी कचरा वेगळा केला तरी गाडीत तो एकत्रच होतो, मग वर्गीकरणाचा उपयोग काय?

उपयोग नक्की आहे. कागद-पुठ्ठ्याला खरकटं लागलं की तो माल पुनर्वापरातून जवळपास बाद होतो. म्हणजे चक्रीय अर्थव्यवस्थेची, वापरलेला माल पुन्हा वापरात आणण्याची, साखळी बरेचदा घरातल्या डब्यातच तुटते, गाडी येण्याच्या कितीतरी आधी.

गाडीत सगळं मिसळत असेल, तर ओला कचरा गाडीपर्यंत जाऊच देऊ नका. इमारतीच्या आवारातच त्याचं खत करा. कचराभूमीत ढिगाखाली हवेविना कुजताना तो मिथेन सोडतो, आणि १०० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापमानवाढ करतो. खताच्या पिंपात हवा खेळती राहिली, तर मिथेन फारसा तयार होत नाही. दुर्गंधी आली की ओल जास्त झाली असं समजा. सुकी पानं किंवा लाकडाचा भुसा मिसळा आणि ढीग खालीवर करा. बहुतेक लोक नेमके इथेच कंटाळून सोडून देतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

सुका कचरा कोरडा असेल तर सडत नाही. तो साठवून थेट भंगारवाल्याकडे द्या. ॲल्युमिनियमचे डबे तर अजिबात फेकू नका: खनिजापासून नवा धातू काढण्यापेक्षा जुना वितळवायला सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते.

प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटवलेली चकचकीत पाकिटं मात्र वेगळी करूनही फारशी उपयोगी पडत नाहीत, कारण ते थर सुटे करणं अवघड असतं. ती खरेदीतच कमी करावी लागतील.

आणि स्वतंत्र कप्प्यांच्या गाडीसाठी सोसायटीतर्फे पालिकेकडे लेखी मागणी करा.