मुक्त झालेले ज्यू गुलाम कुठे स्थिरावले?

प्रश्न : रोमन सैन्याने पकडून नेलेल्या ज्यू गुलामांचे मुक्त झाल्यावर काय झाले? त्यांना आपला धर्म टिकवता आला का?

उत्तर : बऱ्याच अंशी टिकवता आला, आणि त्याचे मोठे श्रेय त्यांच्या सिनेगॉगना, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहांना आणि त्यांभोवती जमलेल्या समाजाला, द्यावे लागते. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपेने जेरुसलेम घेतले आणि अनेक कैदी रोमला नेले. अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो याने पुढच्या शतकात लिहून ठेवले आहे की, रोममधील टायबर नदीपलीकडच्या वस्तीतील बहुतेक ज्यू हे युद्धकैदी म्हणून इटलीत आलेले, मालकांनी मुक्त केलेले आणि आता रोमन नागरिक झालेले लोक होते. सरकारी धान्याचे वाटप शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी आले, तर त्यांचा वाटा दुसऱ्या दिवसापर्यंत राखून ठेवावा, अशी सोय सम्राट ऑगस्टसने केल्याचेही तो सांगतो. मात्र हे स्थैर्य सम्राटाच्या मर्जीवर होते, इ.स. १९ मध्ये सम्राट टायबेरियसने ज्यू आणि इजिप्शियन धर्माचरण करणाऱ्या, मुक्त गुलामांच्या वर्गातील ४,००० तरुणांना सार्डिनियात लुटारूंच्या बंदोबस्तासाठी धाडले. काही जण जेरुसलेमला परतले असावेत, कारण बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात तेथील मुक्त गुलामांच्या सिनेगॉगचा उल्लेख येतो.

सिनेगॉगचे काम नेमके कसे चाले, हे काळ्या समुद्राकाठच्या पँटिकापेयम येथील, म्हणजे आजच्या केर्चमधील, इ.स. ८१ च्या शिलालेखात स्पष्ट दिसते. ख्रेस्ते नावाची स्त्री आपल्या घरी वाढलेल्या हेराक्लास या गुलामाला प्रार्थनागृहात मुक्त करते. त्याने हवे तिथे जावे, तिच्या कोणत्याही वारसाने त्याला त्रास देऊ नये, फक्त प्रार्थनागृहाविषयीची निष्ठा त्याने सोडू नये, असे ती नोंदवते. शेवटी ज्यूंचे सिनेगॉग या व्यवहाराचे सहपालक असल्याचे म्हटले आहे. माझ्या मते हे शेवटचे कलम सर्वांत मोलाचे आहे, कारण एकट्या पडलेल्या माणसाचे स्वातंत्र्य उद्या कोणी नाकारले, तर त्याच्या बाजूने उभा राहणारा समाज त्यातून मिळत होता.

हा समाज वेळप्रसंगी पैसाही उभा करी. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेल्या इ.स. २९१ च्या पपायरसनुसार (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरील दस्तऐवजानुसार) पॅरामोनी ही स्त्री आणि तिची मुले यांच्या मुक्ततेसाठी ज्यू समाजाने १४ टॅलंट (वजनाचे व पैशाचे प्राचीन मोठे परिमाण) चांदी मोजली, आणि ती भरणाऱ्यांत दूरच्या पॅलेस्टाइनमधील ओनो गावचा एक नगरसभासद होता.