ग्रीक शिकून पोट भरेल का?

प्रश्न : मुलगी इतिहासात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या तीन शतकांतला ख्रिस्ती इतिहास मूळ ग्रंथांवरून अभ्यासायचा म्हणते. त्यासाठी ग्रीक लागतं का? पुढे नोकरीचं काय? – एक आई, वसई

उत्तर : ताई, निव्वळ या विषयाच्या नोकऱ्या आपल्याकडे नाहीतच म्हणा. म्हणून एम.ए. इतिहासातच करू द्या आणि नेटची तयारी ठेवा. धर्मशास्त्राच्या संस्थेत जायचं ठरलं, तर तिथली पदवी नेटला चालते का, हे प्रवेशाआधी लेखी विचारा. पुष्कळांना ते अर्ज भरताना कळतं.

ग्रीक लागतंच. लिपी आठवड्यात येते, घोडं अडतं क्रियापदांच्या रूपांशी. ती पाठ करायचा कंटाळा येतो, मग मुलं इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवून अंदाजपंचे वाचतात आणि ग्रीक येतंय असं समजून चालतात. पहिलं वर्ष भाषांतर कपाटात राहू दे.

सुरुवात ‘डिडाखे’पासून करावी, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींच्या नियमांची ग्रीक पुस्तिका. अवघी १६ छोटी प्रकरणं, भाषा सोपी. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला ग्रीक धर्मगुरू ब्रायेनिओस यांना ती १०५६ सालच्या हस्तलिखितात सापडली. मूळ रचना बहुतेक अभ्यासक पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची मानतात. ११वं प्रकरण सावकाश वाचायला सांगा. फिरता प्रेषित दारी आला तर एक दिवस ठेवा, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. जाताना भाकरी द्या, पैसे मागितले तर खोटाच! असा नियम लिहावा लागला, म्हणजे फुकटे पाहुणे येत असणार. मूळ ग्रंथातून इतिहास काढायचा तो असा.

जोडीला रोमन प्रांताधिकारी प्लिनीने साधारण ११२ साली सम्राट ट्राजनला ख्रिस्ती लोकांविषयी लिहिलेलं लॅटिन पत्र घ्यावं. बाहेरच्या माणसाची, तीही अधिकाऱ्याची, नजर त्यात मिळते.

फसगत होते ती दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा बिशप इग्नेशियस याच्या पत्रांत. त्याच्या नावावरची सातच पत्रं सर्वसाधारणपणे अस्सल धरतात, आणि त्यांचीही चौथ्या शतकात भर घातलेली लांब आवृत्ती आहे. फुकट मिळणाऱ्या १९व्या शतकातल्या भाषांतरात दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी छापल्यात. चुकीच्या रकान्यातलं वाक्य उचललं की निष्कर्ष दोनेकशे वर्षांनी चुकतो. दुसऱ्या शतकातला बिशप पापियास याच्याबाबतही जपावं लागतं: त्याचा ग्रंथ हरवला, उरलेत ते चौथ्या शतकातला चर्च-इतिहासकार युसेबियस याच्यासारख्यांनी दिलेले उतारे. तळटीपेत ‘युसेबियसमधून’ असं लिहायलाच हवं.

दुसरी भाषा म्हणून सिरियॅकचा, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती ग्रंथांच्या भाषेचा, विचार करा. केरळच्या सिरियन चर्चमुळे ती भारतात शिकता येते. कोट्टयमला सेंट एफ्रेम इक्युमेनिकल रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. परदेशी पीएच.डी. करायची तर वाचण्यापुरतं जर्मनही लागेल. अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात, त्यासाठी डिडाखेचं एखादं प्रकरण तिने स्वतः ग्रीकमधून उतरवून त्यावर लिहावं.