ग्लॉक १९ की स्मिथ अँड वेसनची एम अँड पी ९ एम २.० कॉम्पॅक्ट? (अमेरिकेत, पहिलं पिस्तूल म्हणून)

दोन्ही स्ट्रायकरवाली (बाहेर घोडा नाही, आतली स्प्रिंगवाली पिन गोळी उडवते), दोन्ही ९ मिमी, दोन्हींच्या मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. त्यामुळे कागदावर तुलना करत बसू नका. रेंजवर दोन्ही भाड्याने घेऊन चालवा.

मला विचाराल तर एम अँड पी. मूठ हाताला जास्त नैसर्गिक बसते, मुठीच्या मागचे तुकडे बदलून ती लहान-मोठी करता येते आणि हवी तर अंगठ्याची सेफ्टी असलेलं मॉडेलही मिळतं. शिवाय साफसफाईसाठी उघडताना ग्लॉकचा चाप ओढावा लागतो. एम अँड पीमध्ये आतली छोटी पट्टी खाली केली की काम होतं. नवख्यासाठी हे मोठंच. अर्थात चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसते ती जागा) रिकामं आहे ना, हे दोन्हींत आधी बघायचंच.

ग्लॉकची बाजू म्हणजे सुटे भाग आणि होल्स्टर (पिस्तूल ठेवायची म्यानं) कुठेही मिळतात.

(भारतातून विचारत असाल तर विषयच संपला: ९ मिमी तिथे प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही.)