काजू कारखान्यातून थेट गिऱ्हाइकाकडे, पण दोघांना एकमेकांची नावं कळू न देता?

तुम्ही विचारलंय: वेंगुर्ल्याच्या कारखान्यातून काजूगर उचलून थेट पुण्याच्या दुकानदाराला पाठवायचे, पण दोघांनी एकमेकांना गाठून तुम्हाला वगळू नये. जमतं का?

निम्मं जमतं. जीएसटीत 'बिल टू, शिप टू' कायदेशीर आहे. कारखाना तुमच्या नावाने बिल करतो, तुम्ही दुकानदाराला वेगळं बिल करता, गाडी एकच. ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटी पोर्टलवर काढायचा कागद) तुम्ही स्वतः काढा, म्हणजे गाडीसोबत तुमचंच बिल जाईल. पण त्यात माल कुठून निघाला तो पत्ता येतोच, आणि तो खोटा भरायचा नाही. शिवाय पोचवायचा पत्ता कारखानदाराला सांगावाच लागतो.

खरं गुपित फुटतं ते भलतीकडेच. डब्यावरचं लेबल, बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची पावती), आत राहिलेली वजनाची चिठ्ठी. आणि ड्रायव्हर! चहा पिता पिता तो सगळं सांगून मोकळा होतो.

पक्कं हवं असेल तर माल कुडाळला किंवा कणकवलीला स्वतःच्या गोदामात उतरवा, आपल्या एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) परवान्यावर पुन्हा पॅक करा आणि तिथून नवं बिल करून पाठवा. लेबलवर पॅक करणारा म्हणून तुमचंच नाव येईल. हमाली आणि एक दिवस जादा जातो, पण कारखान्याचा डबा दुकानात पोचतच नाही. नुसतं वरून स्टिकर चिकटवू नका. ते बेकायदा आहे, आणि नखाने निघतंसुद्धा.

मी गोदामवालीच पद्धत धरेन. सोबत कारखानदाराशी 'माझ्या गिऱ्हाइकाला परस्पर विकणार नाही' असा लेखी करार करा. तोंडी शब्द हंगाम संपेपर्यंतच टिकतो.