एकाच सर्व्हरवर दोन प्रायव्हेट रेपो, दुसऱ्याला "रिपॉझिटरी नॉट फाउंड" काहून यायलंय?

तुम्ही म्हणताय गिटहबवरच्या दोन्ही रेपोला वेगवेगळी डिप्लॉय की (म्हणजे एकाच रेपोपुरती चालणारी एसएसएच की) टाकली, पहिल्याचं पुल नीट होतंय अन् दुसऱ्याला "रिपॉझिटरी नॉट फाउंड" यायलंय. रेपो जागेवरच आहे, की पण बरोबर आहे, फक्त भलतीच की पुढं जायलीय.

एसएसएच कनेक्ट करतं तेव्हा त्याला गिट हा युजर अन् गिटहब डॉट कॉम हा होस्ट एवढंच माहीत असतं, रेपोचं नाव तर लॉगिन झाल्यावर जातं, मग रेपो बघून की कशी निवडणार ते? आधी जी हाताला लागेल ती देतं, गिटहब ती ओळखतं, लॉगिन होऊन जातं अन् दुसऱ्या कीचा नंबरच लागत नाही. आता त्या कीला तिचा एकच रेपो दिसतो, अन् प्रायव्हेट रेपो असला की गिटहब परवानगी नाही असं म्हणतच नाही, सापडला नाही म्हणतं, त्यामुळं माणूस उगं यूआरएल तपासत बसतो.

आमच्याकडं लातूरला आडतीच्या बिलिंगचा अन् वेबसाइटचा असे दोन रेपो एकाच सर्व्हरवर आहेत, ते असे लावलेत. होम फोल्डरातल्या डॉट एसएसएच मध्ये कॉन्फिग नावाची फाइल करा, एक्स्टेंशन काही नको. त्यात होस्ट म्हणून तुमच्या मनाचं नाव द्या, समजा गिटहब-आडत, पण इंग्रजी अक्षरात. त्याखाली होस्टनेम खरं गिटहब डॉट कॉम, युजर गिट, आयडेंटिटीफाइल मध्ये त्याच रेपोच्या प्रायव्हेट कीचा पाथ, अन् आयडेंटिटीजओन्ली यस. ही शेवटची ओळ लई जण सोडतात, ती नसली तर एसएसएच एजंटमधल्या (की लोड करून ठेवणारा प्रोग्राम) बाकीच्या की आधी पुढं जाऊ शकतात अन् पुन्हा तेच रडगाणं. दुसऱ्या रेपोला असाच दुसरा ब्लॉक. मग गिट रिमोट सेट-यूआरएल करून पत्त्यातल्या गिटहब डॉट कॉमच्या जागी हे नाव टाका, हे विसरलात तर कॉन्फिगचा काहीच उपयोग नाही.

एकच रेपो असा वेगळा असेल तर कॉन्फिगला हात न लावता त्या क्लोनमध्ये कोअर डॉट एसएसएचकमांड (गिटनं कोणती एसएसएच कमांड वापरायची ते सांगणारी सेटिंग) सेट केलं तरी भागतं, गिट 2.10 पासून आहे ते.

अन् कुणी म्हणेल की सर्व्हरवर आपल्या अकाउंटचीच की टाका, सगळे रेपो चालतात. चालतात, पण तसं करू नका हो. उद्या त्या सर्व्हरमध्ये कुणी घुसलं तर तुमच्या हातातले सगळेच रेपो गेले, क्लायंटचे सुद्धा. डिप्लॉय की गेली तर एकच रेपो, अन् राइट ॲक्सेसची टिक केलेली नसली तर तो पण नुसता वाचता येतो.

चेक करायला एसएसएच डॅश कॅपिटल टी देऊन त्या नव्या नावाला गिट युजरनं कनेक्ट करा, "हाय" च्या पुढं रेपोचं नाव येतं, ते बरोबर आलं की काम झालं. हातानं पुल होतंय पण क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवतं ते) होत नसेल तर क्रॉन कोणत्या युजरनं चालतंय ते बघा, कॉन्फिग त्याच युजरच्या होममध्ये लागते, सुडो लावलं की रूटची वाचली जाते. तरी अडलं तर डॅश व्ही लावून "ऑफरिंग पब्लिक की" वाल्या ओळी इथं टाका, बघतो मी.