उपमुख्यमंत्री आपोआप मुख्यमंत्री का होत नाही?

तुमचा प्रश्न असा, की मुख्यमंत्र्यांचं पदावर असताना निधन झालं तर अमेरिकेसारखी वारसांची ठरलेली यादी आपल्याकडे का नाही, आणि उपमुख्यमंत्री असताना खुर्ची दुसऱ्यालाच कशी मिळते? पणजीत राहून मी हा प्रसंग दोनदा पाहिलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उपमुख्यमंत्र्यांचं बघू. राज्यघटनेत हे पदच नाही. कलम १६४ ला मुख्यमंत्री आणि इतर मंत्री एवढेच ठाऊक आहेत. १९८९ मध्ये देवीलालांनी ‘उपपंतप्रधान’ म्हणून शपथ घेतली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने सांगितलं, की हे नाव फक्त वर्णनापुरतं आहे, बाकी ते इतरांसारखेच एक मंत्री. म्हणजे ‘उप’ लावल्याने पुढचा हक्क मिळत नाही. त्यात मुख्यमंत्री गेले की त्यांच्यासोबत सगळं मंत्रिमंडळच संपतं. मग वर चढणार तरी कोण?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ठरावीक मुदतीसाठी निवडलेला असतो, सभागृहाच्या विश्वासावर तो टिकून नसतो. म्हणून तिथे यादी चालते. पण तीही एका दिवसात झालेली नाही. १८४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरिसन पदावर आल्यावर महिनाभरातच वारले, तेव्हा उपाध्यक्ष टायलर पूर्ण अध्यक्ष झाले की नुसते हंगामी, यावरच वाद झाला. टायलरांनी आपलं म्हणणं रेटून नेलं आणि तोच पायंडा पडला. तो लेखी व्हायला १९६७ ची पंचविसावी घटनादुरुस्ती यावी लागली. उपाध्यक्षानंतर कोण, याचा क्रमही १७९२, १८८६ आणि १९४७ असा तीनदा ठरवावा लागला.

आपल्या राष्ट्रपतींचंही तसंच. उपराष्ट्रपती काम पाहतील आणि सहा महिन्यांत निवडणूक होईल, एवढं घटनेत होतं. ३ मे १९६९ रोजी झाकीर हुसेन गेले. उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले, पण त्यांना स्वतःलाच निवडणूक लढवायची होती. ते बाजूला झाले तर पुढे कोण? याचं उत्तर कुठेच नव्हतं. संसदेने त्याच महिन्यात कायदा करून सरन्यायाधीशांचं नाव घातलं, आणि जुलैत गिरींनी राजीनामा दिल्यावर सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर राष्ट्रपती म्हणून काम पाहत होते.

आता आपल्या गोव्याचं. इथे यादी होती, पाचशे वर्षांपूर्वी, आणि तीही लाखेने बंद केलेली! पोर्तुगीज राजाचा इथला प्रतिनिधी, म्हणजे व्हाइसरॉय, मेला तर लिस्बनला कळवून उत्तर यायला वर्ष-दीड वर्ष लागायचं, म्हणून राजा वारसाची नावं मोहोरबंद पत्रांत घालून जहाजावरूनच पाठवायचा. पहिलं पत्र फोडायचं, तो माणूस हाताशी नसेल तर दुसरं. १५२४ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी व्हाइसरॉय वास्को द गामा कोचीनला वारला. पत्र फोडलं, नाव निघालं गोव्याचा कप्तान हेन्रिक द मेनेझेस. तोही १५२६ मध्ये गेला. पुढच्या पत्रात पेरो मास्कारेन्यस, आणि तो बसला होता आजच्या मलेशियातल्या मलाक्क्याला! तो येईपर्यंत कारभार बघायला म्हणून लोपो वाझ द सांपायो बसला, आणि बसला तो उठेचना. मास्कारेन्यस परत आला तर त्यालाच बेड्या घातल्या. लवादाने कौल सांपायोच्या बाजूने दिला, पण १५२९ मध्ये नुनो द कुन्या आला आणि त्याने सांपायोलाच पकडून पोर्तुगालला धाडलं. नाव लिहून ठेवलं होतं, पण तो माणूस येईपर्यंत मधल्या काळात खुर्ची कोणी आणि कुठवर सांभाळायची, ते पक्कं केलेलं नव्हतं. माझ्या मते आपली अडचण आजही नेमकी तिथेच आहे.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले तेव्हा मी शाळेत होतो. गोवा तेव्हा केंद्रशासित. पण सभागृहात त्यांच्या मगोचं (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं) स्पष्ट बहुमत होतं, त्यामुळे पक्षाने शशिकलाताई काकोडकरांचं नाव ठरवलं आणि विषय तिथेच मिटला. भाऊसाहेबांची मुलगी म्हणून गादी मिळाली असं काही जण म्हणतात, पण ताई आधीच आमदार होत्या, मंत्रिमंडळात होत्या. आमदारांचा पाठिंबा नसता तर नुसत्या नात्यावर भागलं नसतं.

१७ मार्च २०१९ च्या रविवारी संध्याकाळी मुख्यमंत्री मनोहरभाई पर्रीकर गेले. सोमवारी दुपारी कला अकादमीच्या रांगेत मी तीन तास उभा होतो. माझ्या पुढे म्हापशाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, हातात अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा. त्यांनी मला विचारलं, “आता आमचा मुख्यमंत्री कोण रे बाबा?” मला उत्तर देता आलं नाही, कारण त्या घडीला कोणीच नव्हतं. मिरामारला अग्निसंस्कार झाले. भाजपचे गडकरी पणजीत घटक पक्षांशी बोलत बसलेले, तर काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष म्हणून दावा सांगत होती. रात्री दोनच्या सुमारास दोनापावलाच्या राजभवनात प्रमोद सावंतांची शपथ झाली. सावंत तेव्हा सभापती होते, मंत्रीसुद्धा नव्हते! घटक पक्षांचे ढवळीकर आणि सरदेसाई उपमुख्यमंत्री झाले ते त्या बोलण्यांतून, आणि पुढच्या चार महिन्यांत दोघांचीही पदं गेली. २० मार्चला सावंतांनी २० विरुद्ध १५ मतांनी विश्वास ठराव जिंकला, तोवर हे सगळं अधांतरीच होतं.

म्हणून यादी नाही याचं मला दुःख नाही. ४० जणांच्या सभागृहात ज्याच्यामागे आमदार, तोच मुख्यमंत्री, आणि ते आधीच कागदावर लिहून ठेवता येत नाही. खटकतात ते मधले तीस तास. १९६४ मध्ये नेहरू गेले त्याच दिवशी गुलझारीलाल नंदांना हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ दिली, १९६६ मध्ये शास्त्रीजी गेल्यावर पुन्हा त्यांनाच, आणि दोन्ही वेळा तेरा दिवसांनी त्यांनी खुर्ची मोकळी केली. तमिळनाडूत १९८७ मध्ये मुख्यमंत्री एमजीआर गेल्यावर नेडुंचेळियन यांना असंच हंगामी बसवलं होतं. त्यासाठी घटनादुरुस्ती नको. राज्यपालांनी सर्वांत ज्येष्ठ मंत्र्याला त्याच रात्री शपथ द्यायची आणि नेता निवडायला पक्षांना आठवडा द्यायचा. मग चिता विझायच्या आत खात्यांची बोलणी करायची वेळ कोणावर येणार नाही, आणि रांगेतल्या त्या बाईंना सांगायला एक नाव तरी असेल.